चलनं नंतर, आधी लायसन्स

प्रश्न : माझी ११० सीसीची स्कूटर माझ्याच नावावर आहे. परवा लोकअदालतीचा एसएमएस आला म्हणून बघितलं, तर चार चलनं थकलेली. एक हेल्मेटचं, ते माझंच आहे. दुसरं सिग्नल तोडल्याचं, पण त्या दिवशी स्कूटर माझा भाऊ घेऊन गेला होता. तिसरं नो पार्किंगचं, तेही माझंच. चौथं नागपुरात वेगमर्यादा ओलांडल्याचं, आणि आमची स्कूटर नाशिकबाहेर कधी गेलेलीच नाही. सगळे म्हणतात, लोकअदालतीत जा आणि एकदाचं मिटवून टाक. तसं करू का? रस्त्यात अडवलं तर मोबाइलमधली कागदपत्रं चालतात का? मुलगा सतरा वर्षांचा आहे, कधीमधी क्लासला स्कूटर नेतो, त्यात फार काही अडचण नाही ना? आणि हो, माझं लायसन्स पाच महिन्यांपूर्वी संपलंय. २६व्या वर्षी काढलं होतं, २० वर्षांचं. ते सवडीनं केलं तर चालेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही जे सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलंत, ते आम्ही सगळ्यात आधी घेतोय. ही चार चलनं महिनाभर थांबली तर फार बिघडणार नाही. लायसन्स मात्र एक दिवसही थांबवू नका, आणि ते हातात येईपर्यंत स्कूटरला हात लावू नका.

पूर्वी मुदत संपल्यावरही लायसन्स ३० दिवस ग्राह्य धरलं जायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ती सवलत गेली. आता मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कायद्याच्या लेखी विनापरवाना चालक. कलम १८१ खाली त्याला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण आमची खरी काळजी दंडाची नाहीच. या पाच महिन्यांत तुमच्या हातून कुणाला धक्का लागला असता, तर विमा कंपनीने पहिला मुद्दा हाच काढला असता. जखमी माणसाला भरपाई द्यायला न्यायालय कंपनीला सांगू शकतं, पण ती रक्कम नंतर वाहनमालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात हा मार्ग सविस्तर घालून दिला. अशा भरपाया लाखांत जातात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर कंपनी सरळ नाकारू शकते.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. मुदत संपून वर्ष झालेलं नाही, म्हणून ड्रायव्हिंग टेस्ट पुन्हा द्यावी लागणार नाही. वर्ष उलटलं की टेस्ट पास झाल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. अर्ज परिवहन विभागाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर करायचा: राज्य महाराष्ट्र निवडा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका, नूतनीकरणाची सेवा घ्या. वय चाळीसच्या पुढे असल्याने डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागेल. ते आधी हातात घ्या. अर्ज अर्ध्यावर अडकतात ते बहुतेक याच कागदासाठी.

आणखी एक खोच. वीस वर्षांपूर्वीचं लायसन्स पुस्तकाच्या स्वरूपात असेल, तर त्याची नोंद ‘सारथी’वर नसण्याची शक्यता मोठी. नंबर टाकल्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं तर घाबरू नका आणि नवं लायसन्स काढायलाही जाऊ नका. ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथे मूळ पुस्तक दाखवून ‘बॅकलॉग एन्ट्री’, म्हणजे जुन्या लायसन्सची ‘सारथी’वर नोंद, करून घ्यायची. नंबर एमएच १५, मग चार अंकी वर्ष, मग सात अंक असा बसतो. जुन्या पुस्तकावर तो वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो, त्यामुळे नुसता टंकून सापडत नाही. तुमचं वय आता तीस ते पन्नासच्या दरम्यान आहे, तेव्हा नूतनीकरण दहा वर्षांसाठी मिळेल. पुढच्या वेळी मुदत संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो, हे लक्षात असू द्या.

आता चलनं. ‘एकदाचं मिटवून टाक’ हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण चारही चलनं एका फटक्यात भरणं तुमच्या बाबतीत चूक ठरेल. चलन म्हणजे पोलिसांनी तुमच्यावर ठेवलेला आरोप. पैसे भरले की तो गुन्हा कलम २०० खाली तडजोडीने मिटतो आणि पुढची कारवाई थांबते. हे सगळ्यांना माहीत असतं. फारसं माहीत नसतं ते असं की २०१९ पासून याच कलमात म्हटलंय, पैसे भरून मिटवलेला गुन्हाही ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. म्हणजे नागपूरच्या गाडीने मोडलेली वेगमर्यादा आज तुम्ही ‘जाऊ दे, थोडक्यात सुटतंय’ म्हणून भरलीत, तर उद्या खरोखर चुकून वेग वाढला तेव्हा तो तुमचा दुसरा गुन्हा. दंड वाढणार, लायसन्सवर गदा येणार.

म्हणून आधी प्रत्येक चलन उघडून बघा. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडी नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की यादी येते, फोटोही दिसतो. आरटीओच्या पथकाने केलेलं चलन मात्र केंद्राच्या ‘परिवहन’ ई-चलन पानावर असतं, तेव्हा तिथेही एकदा बघून घ्या. एसएमएसमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, पत्ता स्वतः टाका. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असतं. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाइल आली तर ती उघडायचीच नाही. ती तुमचा मोबाइल आणि बँक खातं रिकामं करायला पाठवलेली असते. चुकून उघडली असेल तर इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

नागपूरचं चलन. यात दोनच शक्यता आहेत: कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचला, किंवा कुणीतरी तुमचा नंबर आपल्या गाडीवर लावलाय. फोटो मोठा करून नीट बघा. आधी नंबर: ३ चा ८ झालाय का, ‘बी’चा ८ झालाय का, ‘डी’ला शून्य समजलंय का. नंबर बरोबर असेल तर गाडी बघा. मॉडेल, रंग, आरशांची घडण, मागच्या दिव्याचा आकार, बाजूचे ओरखडे, सीट कव्हर. तुमच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट असेल तर तिच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम आणि खाली कोरलेला बारीक क्रमांक असतो. फोटोतल्या प्लेटवर होलोग्रामच्या जागी नुसता पांढरा पत्रा असेल, तर तो तुमच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा. मग आपल्या स्कूटरचे चारही बाजूंनी, दिवसाउजेडी फोटो काढा. त्या तारखेला गाडी नाशिकमध्ये होती हे दाखवणारं काहीही शोधा: सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड, पार्किंगची पावती, सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण, तुमची कामावरची हजेरी.

हे सगळं जोडून त्याच संकेतस्थळावरच्या किंवा अ‍ॅपवरच्या तक्रार विभागात तक्रार टाका, तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. प्लेटची नक्कल दिसत असेल तर इतक्यावर थांबू नका. नाशिकच्या तुमच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि तिची प्रत नागपूर वाहतूक शाखेला पाठवा. ती दुसरी गाडी उद्या अपघात करून पळाली, तर पोलीस तुमच्याच दारात येतील. तेव्हा आधी दिलेल्या तक्रारीची पोच हाताशी असणं फार मोलाचं.

कॅमेऱ्याच्या चलनाला कायद्याने काही अटी घातल्या आहेत, त्याही तपासा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख-वेळ-जागा, मोडलेलं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र ही माहिती हवी. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असायचं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांच्या आत निघाली पाहिजे, यंत्राला मान्यतेचं चालू प्रमाणपत्र हवं आणि कॅमेरा असल्याची पाटी रस्त्यावर ठळक दिसली पाहिजे. यातलं जे नसेल ते तक्रारीत मुद्दा म्हणून लिहा. नुसतं ‘हे चलन चुकीचं आहे’ लिहिलेली तक्रार सहज फेटाळली जाते. चलनावर उत्तराची मुदत छापलेली असेल तर ती मात्र चुकवू नका.

तक्रार फेटाळली गेली तर प्रकरण न्यायालयात जाईल. आभासी न्यायालयाच्या, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या ‘व्हर्च्युअल कोर्ट’च्या, पानावर ‘दंड भरतो’ आणि ‘लढतो’ असे दोन पर्याय येतात. ‘लढतो’ निवडलं की खटला त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातो, म्हणजे तुमच्या बाबतीत नागपूरला. शिवाय न्यायालयाला तडजोडीच्या, म्हणजे चलनावरच्या, रकमेचं बंधन नाही; गुन्हा सिद्ध झाला तर कायद्यातल्या कमाल दंडापर्यंत ते जाऊ शकतं. म्हणून पोलिसांकडची तक्रार हीच मन लावून करायची पायरी. तरीही कोर्टाची वेळ आलीच, तर लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, तिथे साधा अर्ज करायचा. हा हक्क आहे, आणि तो मागायला संकोच वाटण्याचं काहीच कारण नाही.

भावाने तोडलेल्या सिग्नलचं चलन तुमच्या नावे आलं, कारण कॅमेऱ्याला फक्त नंबर दिसतो आणि नंबर मालकाचा असतो. इथे आधी चलनावरचं कलम वाचा. सिग्नल तोडल्याबद्दल ११९/१७७ लावलेलं असेल, तर पहिल्या वेळेला ५०० रुपयांपर्यंतचा मामला. कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, लावलेलं असेल तर गोष्ट वेगळी: १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद, आणि लायसन्स निलंबनासाठी पाठवता येतं. ११९/१७७ असेल आणि भाऊ पैसे देत असेल तर भरून मोकळं होणं व्यवहाराचं आहे. १८४ असेल तर भरू नका. पोलिसांनी विचारलं की चालकाचं नाव-पत्ता सांगणं ही कलम १३३ प्रमाणे मालकाची जबाबदारीच आहे. तुम्ही न विचारता सांगा. भावाचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर आणि ‘त्या वेळी वाहन मी चालवत होतो’ असं त्याचं सहीचं पत्र तक्रारीला जोडा. घरातल्या माणसाचं नाव द्यायचं जिवावर येतं हे कळतं आम्हाला. पण त्याचा गुन्हा तुमच्या खात्यात कायमचा जमा होऊ देणं हा त्याला उपाय नाही. त्याच्याकडे चालू लायसन्स आहे ना, हेही विचारून घ्या. नसेल तर विनापरवाना माणसाला गाडी दिल्याबद्दल कलम १८० तुमच्यावर येतं.

हेल्मेट आणि नो पार्किंग ही चलनं तुमचीच आहेत, ती भरा. नो पार्किंगचा विषय तिथे संपला. हेल्मेटचा मात्र संपेलच असं नाही. कलम १९४-ड मध्ये १,००० रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याची शिक्षाही आहे, आणि दंड भरला म्हणून ती आपोआप माफ होत नाही. आरटीओकडून नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. आदेश काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं त्यांना बंधनकारक आहे. ठरल्या दिवशी जा, पहिलीच वेळ आहे हे लेखी द्या. आदेश झालाच तर ३० दिवसांत अपील करता येतं. आणि त्या तीन महिन्यांत गाडी चालवायची नाही, कारण अपात्र असताना चालवण्याबद्दल कलम १८२ खाली १०,००० रुपये दंड आहे, कैदही होऊ शकते.

लोकअदालत चांगली सोय आहे, फक्त तिचा अर्थ समजून जा. तिथे तडजोड होते, रक्कम कमी होऊ शकते, आणि झालेला निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाही. म्हणून जी चलनं तुम्हाला मान्य आहेत तेवढीच तिथे न्या. तुमच्या बाबतीत हेल्मेट आणि नो पार्किंग, आणि कलम हलकं असेल तर सिग्नल. टेबलावर चारही चलनांची एकत्र रक्कम सांगितली जाईल, मागे रांग असेल, घाई असेल. तेव्हा ‘नागपूरच्या चलनाला माझी हरकत आहे, त्याची तक्रार केलेली आहे’ असं स्पष्ट सांगा आणि तक्रार क्रमांक दाखवा. तिथे सही करायची सक्ती कुणीही करू शकत नाही. गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि ओळखपत्र जवळ ठेवा, भरलेल्या चलनाची पावती तिथेच मागून घ्या आणि आठवड्याने संकेतस्थळावर ‘पेड’ दिसतंय का बघा.

जुनी चलनं आपोआप रद्द होतात, असं कुणी सांगेल. त्यात थोडं तथ्य आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालय सहसा घेऊ शकत नाही. वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असेल तर मुदत एक वर्षाची. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण त्या मुदतीत खटला दाखल झालेला असला तर ती ढाल उपयोगी नाही, न्यायालय उशीर माफही करू शकतं, आणि संकेतस्थळावरचं ‘प्रलंबित’ हे लेबल आपोआप जात नाही. गाडी विकताना तेच आडवं येतं. लढायचं असेल तर हा मुद्दा मांडा. हातावर हात ठेवून बसायला तो पुरेसा नाही.

मोबाइलमधली कागदपत्रं चालतात, पण डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधली. गॅलरीतला आरसीचा फोटो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ चालत नाही. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की दाखवायचं. मूळ लायसन्स जमा करून घेतलं तर कलम २०६ खालची तात्पुरती पोच मागा. लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचवर तारीख लिहिलेली असेल तर त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवर, तिच्यावर गाडी चालवता येते. जाता जाता आरसीला जोडलेला मोबाइल नंबरही तपासा. जुना, बंद पडलेला नंबर असेल तर पुढची चलनंही तुम्हाला अशीच उशिरा कळतील.

राहिला मुलाचा प्रश्न, आणि इथे आम्ही अजिबात मऊ बोलणार नाही. स्कूटरची किल्ली त्याच्या हाती उद्यापासून जाता कामा नये. सोळा ते अठरा वयात लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. तुमची ११० सीसीची आहे. कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा मालक. तुमच्या घरात दोन्ही तुम्हीच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत शिकाऊ लायसन्ससुद्धा नाही. ‘मला न विचारता नेली’ हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल, कारण न्यायालय तुमची संमती होती असंच गृहीत धरतं. ‘कधीमधी’ आणि ‘क्लास जवळच आहे’ याला कायद्यात जागा नाही.

मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत सायकल, बस, किंवा तुमच्या नव्या लायसन्सवर तुम्ही सोडायला जाणं. कमी वेगाची विजेवरची दुचाकी घ्यायचा विचार असेल तर विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. मोटारीची शक्ती २५० वॉटपर्यंत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, आणि तशी मान्यता कागदावर असेल, तरच तिला लायसन्स लागत नाही. वेग वाढवून घेतलेली गाडी त्या सवलतीत बसत नाही. अठरा पूर्ण झाले की ‘सारथी’वर शिकाऊ लायसन्सचा अर्ज करा. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. त्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा, डोक्यावर हेल्मेट, आणि मागे मित्राला बसवायचं नाही. लायसन्स असलेला शिकवणारा माणूस तेवढा चालतो.